जमीन सरकारची, झाड कुणाचं?

मार्च १८७८. हिंदुस्थान सरकार जंगलांसाठी नवा, कडक कायदा आणण्याच्या तयारीत होतं आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्याविरुद्ध निवेदन धाडलं. विरोधाची निवेदनं त्या काळी बरीच जात. या निवेदनात मात्र विरोधाबरोबर पर्यायही मांडला होता. गावकऱ्याला जंगलातून हुसकून लावण्याऐवजी, जो आपल्या भागातलं जंगल राखतो किंवा नवी झाडं लावतो त्याला सरकारनं बक्षीस द्यावं, त्याची वाखाणणी करावी. मग शेजारशेजारच्या गावांत चढाओढ लागेल आणि सरकारचा हेतूही साधेल, असं सभेचं म्हणणं होतं. सार्वजनिक जमिनीवर जंगल वाढवायला सरकारनं लोकांना हात द्यावा, ही मागणी मराठी मुलखातून गेली त्याला आता जवळपास दीडशे वर्षं होतील.

सरकारनं ती मानली नाही. त्याच वर्षी कायदा झाला. त्यात जंगलांचे तीन प्रकार केले होते: राखीव, संरक्षित आणि ग्रामवन. हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक डिट्रिख ब्रँडिस गावांकडे जंगल सोपवण्याच्या बाजूचे होते. बेडन-पॉवेल हे दुसरे अधिकारी सरकारी मालकी निर्विवाद असावी या मताचे होते आणि कायद्यावर छाप पडली ती त्यांच्या मताची. ग्रामवन हा तिसरा प्रकार बहुतेक ठिकाणी कागदावर राहिला. पाचच वर्षांनी, १८८३ मध्ये, महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगल खात्यानं डोंगर, दऱ्या आणि गायरानं गिळल्याची तक्रार केली. गुरं चारायला जागा उरली नाही, तर शेतकरी बैल कसे पोसणार आणि शेत कसं नांगरणार, हा त्यामागचा हिशेब होता.

पुढं सरकारं बदलली, कायदे बदलले आणि सरकारी जमीन वनीकरणासाठी देण्याचे अनेक प्रयोग झाले. ते एकापुढे एक मांडले की एक गोष्ट वारंवार दिसते. जमीन द्यायला सरकार फारसं कचरत नाही. ते कचरतं त्या जमिनीवर वाढणाऱ्या झाडाचं, बांबूचं, पानाचं, फळाचं उत्पन्न सोडायला. जंगल उभं राहणार की नाही, हे मात्र बव्हंशी या दुसऱ्या गोष्टीवर ठरतं.

कुठली जमीन, कुणाचं दार

‘सरकारी जमीन’ असं आपण सहज म्हणतो, पण सरकारच्या घरात तिचे मालक दोन आहेत. एक वनखातं. महाराष्ट्राच्या एकूण क्षेत्रापैकी सुमारे २० टक्के जमीन वन म्हणून नोंदलेली आहे. दुसरं महसूल खातं. गायरान, पडीक, डोंगरउतार, नदीकाठच्या जागा अशा जमिनी त्याच्याकडे. तलाठ्याच्या दप्तरात यांच्या नोंदवह्याही वेगळ्या: गाव नमुना १-अ मध्ये वनजमिनी, १-ब मध्ये सरकारच्या बिनभोगवट्याच्या जमिनी. वनीकरणासाठी जमीन मागायची तर आधी ती कुठल्या वहीत आहे हे पाहावं लागतं, कारण त्यावरून कायदा बदलतो.

जमीन महसूल खात्याची असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ लागू होते. या संहितेनुसार जिल्हाधिकारी सरकारी जमीन वनासाठी, जळणासाठी, मोफत चराईसाठी किंवा गावाच्या इतर सार्वजनिक कामासाठी राखून ठेवू शकतो. गायरानाची मालकी सरकारची आणि देखभाल बहुधा ग्रामपंचायतीची. जमीन वनखात्याची असेल, तर वाट अधिक अरुंद होते. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानं वनजमीन दुसऱ्या कामासाठी द्यायला केंद्राची मंजुरी सक्तीची केली आणि १९८८ च्या दुरुस्तीनं वनजमीन खासगी व्यक्तीला किंवा कंपनीला भाडेपट्ट्यानं द्यायलाही तीच अट घातली.

या दोन खात्यांच्या मधोमध अडकलेली जमीन पाहायची असेल, तर पूर्व विदर्भात जावं लागतं. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत ‘झुडपी जंगल’ अशी नोंद असलेल्या जमिनी आहेत. जुन्या मध्य प्रांताच्या काळात झुडपं असलेली, गुरं चारायच्या कामाची जागा म्हणून ही नोंद झाली. जमीन महसुलाची, नाव मात्र जंगलाचं. त्यांतल्या सुमारे ८६ हजार हेक्टरांवर कुठं शाळा, कुठं वस्ती, कुठं शेती, कुठं स्मशानभूमी उभी राहिली. या जमिनी वन आहेत की नाहीत हा वाद कित्येक वर्षं चालला आणि २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्या वनजमिनीच आहेत असा निर्णय दिला. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी झालेल्या वाटपासाठी राज्याला केंद्राकडे प्रस्ताव पाठवण्याची मुभा ठेवली. दप्तरातल्या एका नोंदीनं हजारो घरांचं भवितव्य पाऊण शतक टांगून ठेवलं. सरकारी जमीन रिकामी दिसली तरी तिच्यावर आधीपासून कुणाची तरी वहिवाट असते, हा धडा यातून घ्यायचा.

कंपनीला जमीन: धारवाडची गोष्ट

वहिवाटीकडे काणाडोळा केला की काय होतं, याचं उदाहरण महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे, जुन्या धारवाड जिल्ह्यात घडलं.

१९८० च्या दशकात देशभर वनीकरणाची लाट होती. राजीव गांधी पंतप्रधान झाल्यावर १९८५ मध्ये राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापन झालं आणि दर वर्षी ५० लाख हेक्टर जमिनीवर झाडं लावण्याचं लक्ष्य जाहीर झालं. इतकी झाडं लावणार कोण? उद्योग पुढं सरसावले. कागद आणि रेयॉनच्या कारखान्यांना लगदा हवा होता, आणि नीलगिरी त्यासाठी सोयीची होती. ती सात-आठ वर्षांत तोडायला येते, तोडल्यावर बुंध्यातून पुन्हा फुटते, आणि मुख्य म्हणजे गुरं तिला तोंड लावत नाहीत, त्यामुळं राखणीचा खर्च कमी.

१९८४ मध्ये कर्नाटक सरकारनं हरिहर पॉलिफायबर्स या रेयॉनचा लगदा बनवणाऱ्या कारखान्याबरोबर ‘कर्नाटक पल्पवुड लिमिटेड’ ही संयुक्त कंपनी काढली. ५१ टक्के भांडवल सरकारचं, ४९ टक्के कारखान्याचं. सुमारे ३० हजार हेक्टर सार्वजनिक जमिनीवर नीलगिरी आणि तत्सम झटपट वाढणारी झाडं लावायची आणि लाकूड कारखान्याला द्यायचं, असा बेत होता. जमिनी महसूल दप्तरात ‘सी’ आणि ‘डी’ दर्जाच्या, म्हणजे सरकारच्या लेखी कमी प्रतीच्या.

गावाच्या लेखी त्या कमी प्रतीच्या नव्हत्या. पावसाळ्यानंतरचं गवत तिथलं. सरपण तिथलं. नांगराला, कुळवाला, छपराला लागणारं लाकूड तिथलं. ज्याच्याकडे स्वतःची जमीन नाही पण दोन शेळ्या आहेत, त्याचा संसार तर त्या माळावरच चालायचा. नीलगिरीचं रान उठलं की हे सगळं एकदम बंद. शेळीला पाला नाही, बाईला मोळी नाही, आणि आत पाय टाकला तर अतिक्रमण.

धारवाडच्या ‘समाज परिवर्तन समुदाय’ या संघटनेनं एस. आर. हिरेमठ यांच्या पुढाकारानं याविरुद्ध मोहीम उघडली. प्रसिद्ध कन्नड लेखक शिवराम कारंत यांच्यासह काही जणांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. गावच्या सामायिक जमिनी सरकारनं विश्वस्ताच्या नात्यानं सांभाळायच्या असतात, त्या कारखान्याच्या हवाली करता येणार नाहीत, हा त्यांचा मुद्दा होता. १९८७ मध्ये न्यायालयाचा स्थगिती आदेश मिळाला. त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला हानगल तालुक्यातल्या कुसनूर गावी ‘कित्तिको-हच्चिको’ सत्याग्रह झाला. उपटा आणि लावा, असा त्या कन्नड नावाचा अर्थ. गावकऱ्यांनी नीलगिरीची काही रोपं उपटली आणि त्यांच्या जागी फळांची, चाऱ्याची, उपयोगाची रोपं लावली. झाडांना आपला विरोध नाही, झाड कुठलं आणि कुणासाठी हे विचारायचा हक्क हवा आहे, हे त्या कृतीतून सांगितलं गेलं. १९९१ मध्ये कंपनी गुंडाळण्यात आली.

दरम्यान १९८८ मध्ये देशाचं नवं वनधोरण आलं. उद्योगांनी आपला कच्चा माल शेतकऱ्यांशी थेट संबंध जोडून, त्यांच्या जमिनीवर वाढवून घ्यावा, असं त्यात म्हटलं. आज कागदगिरण्यांना सुबाभूळ आणि नीलगिरी पुरवणारे शेतकरी आहेत, ती व्यवस्था याच दिशेची. तिच्यात झाड शेतकऱ्याचं असतं आणि भाव पटला नाही तर तो लावणं थांबवू शकतो. कुसनूरच्या गावकऱ्यांना हा नकार द्यायची सोय नव्हती.

अराबारीचा चौथा हिस्सा

जमीन लोकांच्या हाती देऊन जंगल वाढवण्याचा प्रयोग बंगालमध्ये बराच आधी झाला होता, आणि तो एका वनाधिकाऱ्यानं केला. मिदनापूर जिल्ह्यातल्या अराबारीचं सालवन १९७० च्या सुमारास खुरटून गेलं होतं. सरपणासाठी रोज कुऱ्हाड चालायची, पहारेकरी आणि गावकरी यांच्यात रोज भांडण. १९७२ च्या सुमारास अजितकुमार बॅनर्जी यांनी ११ गावांतल्या ६१८ कुटुंबांशी बोलणी केली. १,२७२ हेक्टर जंगल त्यांनी राखायचं. त्या बदल्यात कामाची मजुरी, सरपण-पाला नेण्याची मुभा आणि साल तोडायला येईल तेव्हा विक्रीच्या निव्वळ रकमेतला २५ टक्के वाटा त्यांना मिळायचा.

सालाचं झाड वरून तोडलं तरी त्याचा बुंधा आणि मुळं जिवंत राहतात. दर वर्षी फुटणारे कोंब कुऱ्हाडीतून आणि गुरांच्या तोंडातून वाचले, की नव्यानं रोप न लावताही जंगल उठतं. अराबारीत तेच झालं. रोपवाटिका, खड्डे, कुंपण या कशावरही मोठा खर्च न होता दहा-पंधरा वर्षांत सालवन डोक्यावर गेलं. सरकारी वनीकरणात रोपांच्या आकड्याला जे महत्त्व मिळतं, त्याकडे यानंतर जरा संशयानं पाहायला हवं. महाराष्ट्रात २०१६ मध्ये २ कोटी, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी झाडांची लक्ष्यं ठरली. लक्ष्य लावण्याचं होतं. राखणार कोण आणि राखणाऱ्याला काय मिळणार, हा प्रश्न मोहिमेच्या गाजावाजात मागं पडला.

अराबारीच्या गावकऱ्यांना दिलेल्या शब्दाला सरकारी आदेशाचं बळ मिळायला मात्र १९८७ उजाडावं लागलं. मग १ जून १९९० रोजी केंद्र सरकारनं परिपत्रक काढून सगळ्या राज्यांना हा मार्ग सुचवला आणि संयुक्त वनव्यवस्थापन ही योजना देशभर पसरली. महाराष्ट्रानं आपला आदेश १९९२ मध्ये काढला. समित्या झाल्या, ठराव झाले. पण समितीचा कारभार वनखात्याच्या अधिकाऱ्याच्या हाती, आणि वाटा किती व कधी हे आदेशावर अवलंबून. आदेश बदलला की वाटाही बदलणार. लोकांकडे कायद्यानं मिळालेलं असं काही नव्हतं.

नेपाळनं हीच गाठ वेगळ्या तऱ्हेनं सोडवली. तिथल्या १९९३ च्या वनकायद्यानं जंगलाची जमीन सरकारची ठेवली, पण ते राखणाऱ्या उपभोक्ता गटाकडे उत्पन्न सोपवलं, विक्रीचा भाव गटाला ठरवू दिला आणि उत्पन्नातला ठरावीक भाग जंगलावर खर्च करणं त्याच्यावर बंधनकारक केलं. असे २० हजारांहून अधिक गट तिथं झाले. १९९२ ते २०१६ या काळात नेपाळचं वनाच्छादन जवळपास दुप्पट झाल्याचं उपग्रहचित्रांच्या अभ्यासात दिसलं. माणसं परदेशी कामाला गेल्यानं डोंगरातली शेती ओस पडली, हेही त्यामागचं एक कारण. पण सामुदायिक वनांचा त्यात मोठा हात आहे.

मेंढा: जमीन मिळाली, बांबू अडला

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा हे गोंड वस्तीचं लहानसं गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्याची घोषणा महाराष्ट्राला ठाऊक आहे. गावचे देवाजी तोफा आणि त्यांच्याबरोबर काम करणारे कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल ही नावंही. गावाचं शहाणपण घोषणेपेक्षा त्याच्या कामाच्या रीतीत जास्त दिसतं. कुठलाही निर्णय बहुमतानं न घेता सर्वांच्या सहमतीनं घ्यायचा, आणि निर्णयाआधी अभ्यासगटात बसून कायदा, कागद, हिशेब समजून घ्यायचा.

या भागातला बांबू वर्षानुवर्षं कागदगिरणीला दिला जात होता. गिरणी तो सवलतीच्या दरानं नेई आणि गावकऱ्याला टोपल्या विणायला बांबू आणायचा तर गुन्हा. जमीनदारी गेल्यानंतर गावांचे जळण, चराई, घरबांधणीचं लाकूड असे हक्क निस्तारपत्रकात नोंदले गेले होते, पण ते हळूहळू आकसत चालले होते. मेंढ्यानं नव्वदच्या दशकात संयुक्त वनव्यवस्थापन मागून घेतलं. ही योजना उजाड जंगलासाठी होती आणि मेंढ्याचं जंगल चांगलं होतं, तरी गावानं आपलं म्हणणं लावून धरलं.

मग २००६ चा वनहक्क कायदा आला. आतापर्यंतच्या सगळ्या योजनांत सरकार देणारं आणि गाव मागणारं होतं. या कायद्यानं हे उलटं केलं. गावाचा हक्क आधीपासून होताच, त्याची नोंद करायची राहून गेली, अशी कायद्याची भूमिका आहे. कलम ३(१)(झ) नुसार ग्रामसभेला आपलं पारंपरिक सामूहिक वन राखण्याचा, वाढवण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा हक्क मिळतो. त्याला मुदत नाही, भाडं नाही, तो विकता येत नाही.

ऑगस्ट २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक वनहक्क मिळाला. शेजारच्या मर्दा गावाबरोबर देशात हा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांत मेंढ्याची गणना होते. हक्कपत्र हाती आलं, बांबू कापला, आणि गाडा तिथंच अडला. वाहतूक परवान्याशिवाय बांबू रस्त्यावर आणता येत नाही आणि परवाना द्यायचा वनखात्यानं. खात्याचं म्हणणं, १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात बांबू हे झाड आहे, म्हणजे इमारती लाकूड. त्यावर गावाचा हक्क पोचत नाही. वनहक्क कायद्याच्या व्याख्येत मात्र बांबू स्पष्टपणे गौण वनोपजात येतो.

जवळपास दोन वर्षं हा पेच चालला. जंगल गावाचं, आणि त्यातली काठी विकायची तर परवानगी खात्याची. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. देशाचा मंत्री आणि राज्याचा मुख्यमंत्री एका पावतीपुस्तकासाठी धानोरा तालुक्यात येतात, यावरून त्या पुस्तकाची किंमत ओळखावी. २०१२ मध्ये नियम बदलून परवाना देण्याचं काम ग्रामसभेच्या समितीकडे आलं, आणि मेंढ्याची वाट इतर गावांनाही खुली झाली.

उत्पन्न हाती आलं की गाव जंगल ओरबाडेल, अशी भीती नेहमी घातली जाते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावचं उदाहरण त्याला उत्तर म्हणून पुरेसं आहे. २०१२ मध्ये सुमारे १,००० हेक्टरांवर हक्क मिळाल्यावर तिथल्या ग्रामसभेनं बांबूची विक्री स्वतः सुरू केली, आणि तेंदूपानाची कमाई आपणहून सोडली. चांगला पाला यावा म्हणून तेंदूच्या फांद्या छाटतात, आगी लावतात, त्यानं जंगलाचं नुकसान होतं, असं गावानं ठरवलं. उत्पन्न आपलं असल्यामुळंच कुठलं घ्यायचं आणि कुठलं सोडायचं, हे ठरवणं त्यांना शक्य झालं.

उजाड टेकडीवर

मेंढा आणि पाचगावला मुळात चांगलं जंगल होतं. ओसाड जमिनीचं काय? अमरावती जिल्ह्यात, मेळघाटच्या पायथ्याशी पायविहीर आहे. २०१२ मध्ये या गावाला १९३ हेक्टरांवर सामूहिक वनहक्क मिळाला तेव्हा तिथं जंगल म्हणण्यासारखं थोडंच होतं. गावानं चराई आणि तोड यांवर स्वतःचे नियम घातले, राखणीच्या पाळ्या लावल्या, आणि पाणी मुरवण्याची, झाडं लावण्याची कामं रोजगार हमीतून मिळवली. गावातल्या माणसाला मजुरी गावातच मिळाली आणि टेकडीवर माती थांबली. मग रानातली सीताफळं गोळा करून ग्रामसभेनं ती थेट मुंबईच्या बाजारात धाडायला सुरुवात केली. २०१४ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कार मिळाला.

सरकारची मदत इथं नेमकी कशी झाली हे पाहण्यासारखं आहे. एका कायद्यानं हक्क दिला, दुसऱ्या कायद्यानं मजुरी दिली, आणि दोन्हींची सांधेजोड ग्रामसभेनं केली. तिला ‘खोज’ या संस्थेची साथ होती. वनीकरणासाठी वेगळी, खास योजना लागली नाही.

धुळे जिल्ह्यातल्या बारीपाड्याची कहाणी याहून जुनी. चैत्राम पवार यांच्या पुढाकारानं तिथल्या लोकांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून चारशेहून अधिक हेक्टर जंगल राखलं. तेव्हा वनहक्क कायदाही नव्हता. गावानं कुऱ्हाडबंदी केली, मोडणाऱ्याला दंड ठेवला आणि तो वसूल केला. पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. म्हणजे लोक कायद्यावाचूनही जंगल राखतात. पण हक्काचा कागद नसेल तर सगळं खात्याच्या मर्जीवर आणि दोन-चार खंबीर माणसांच्या दमावर चालतं, आणि प्रत्येक गावात अशी माणसं असतीलच असं नाही.

गायरानावरचा दुसरा हक्कदार

इथवरच्या कहाण्यांत एक बाजू गाव आणि दुसरी सरकार किंवा कंपनी अशी सोपी विभागणी आहे. गायरानावर आलं की ती मोडते, कारण गावातच दोन बाजू असतात.

१९६४ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह झाला. पडीक सरकारी जमीन कसायला मिळावी, ही त्यातली मोठी मागणी होती. मराठवाड्यात अनेक दलित कुटुंबांनी गायरानं फोडून ज्वारी-बाजरी पिकवली. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणं नियमानुकूल करण्याचा निर्णय राज्य सरकारनं १९९१ मध्ये घेतला, तरी सातबारावर नाव चढण्यासाठी कित्येकांना पुढं वर्षानुवर्षं कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. मग २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयानं पंजाबमधल्या जगपालसिंग खटल्यात गावांच्या सामायिक जमिनींवरची बेकायदा अतिक्रमणं हटवण्याचे आदेश सगळ्या राज्यांना दिले. भूमिहीनांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना सरकारनं रीतसर दिलेल्या जमिनींचा अपवाद न्यायालयानं ठेवला होता. त्यानंतर महाराष्ट्रानंही गायरानं इतर कामांसाठी देण्यावर निर्बंध आणले.

आता अशा गायरानावर वनीकरणाचा प्रस्ताव येतो. नकाशावर ती जागा मोकळी असते. प्रत्यक्षात तिच्या एका कोपऱ्यात कुणाची तीस वर्षांची वहिवाट असते, दुसऱ्या कोपऱ्यात धनगराचा वाडा दर साली उतरतो, आणि ग्रामपंचायतीत ठराव करणाऱ्यांच्या गोठ्यात चारा विकत आणायची ऐपत असते. झाडं लावण्याच्या नावाखाली गावातल्याच दुबळ्याला उठवायचं, असंही घडू शकतं. म्हणून जमीन मागण्याआधी ती कोण कोण वापरतं याची यादी करणं, आणि ती यादी ग्रामसभेत सगळ्यांसमोर वाचणं, हे खड्डे खणण्याच्या आधीचं काम आहे. ज्याची वहिवाट जाणार, त्याला राखणीची मजुरी, गवताचा पहिला हक्क किंवा उत्पन्नात वाटा मिळाला, तर तोच माणूस जंगलाचा राखणदार होतो. त्याला वगळलं, तर पहिली शेळी रात्री तोच सोडतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

सरकारकडे नेमकं काय मागायचं

एवढ्या अनुभवांनंतर अर्जात काय असावं हे सांगणं अवघड नाही.

पहिली मागणी मोजणीची. हद्द जागेवर आखून, गट क्रमांकासह नोंद व्हायला हवी. वन आणि महसूल या दोन्ही खात्यांच्या दप्तरांत ती जुळायला हवी. पुढचे निम्मे तंटे इथंच मिटतात.

दुसरी मुदतीची. सीताफळाला चार-पाच वर्षं लागतात, बांबूला सहा-सात, सागाला कित्येक दशकं. पाच वर्षांच्या करारावर कुणी साग लावणार नाही. भाडेपट्टा असेल, तर तो झाडाच्या वयापेक्षा मोठा असला पाहिजे. वनहक्क कायद्याखाली दावा करता येत असेल, तर मुदतीचा प्रश्नच येत नाही. म्हणून जिथं जमीन वन आहे आणि गावाची परंपरागत वहिवाट आहे, तिथं भाडेपट्टा किंवा योजना मागण्याआधी ग्रामसभेनं सामूहिक दावा करावा. तो उपविभागीय समितीकडून जिल्हा समितीकडे जातो, आणि नाकारायचा तर लेखी कारण द्यावं लागतं.

तिसरी मागणी मजुरीची. पहिली तीन-चार वर्षं झाड काही देत नाही. तो काळ रोजगार हमीच्या कामांनी भरून काढावा लागतो आणि त्या कामांत राखणीचेही दिवस धरून घ्यावे लागतात.

चौथी आणि सगळ्यांत महत्त्वाची, उत्पन्नाची. कुठल्या उपजावर कुणाचा हक्क, विक्री कोण करणार, वाहतुकीचा परवाना कोण देणार, पैसे कुणाच्या खात्यात जाणार, हे करारात किंवा हक्कपत्रात लिहिलेलं हवं. भारतीय वन अधिनियमाच्या २०१७ च्या दुरुस्तीनं वनाबाहेर वाढलेला बांबू कायद्याच्या लेखी झाड राहिला नाही, त्यामुळं महसूल जमिनीवर बांबू लावणाऱ्या गावाची एक अडचण कमी झाली. पण साग, खैर, चंदन यांसारख्या झाडांना तोड आणि वाहतुकीचे नियम आहेतच. लावण्याआधी ते वाचलेले बरे.

शेवटची मागणी सरकारपेक्षा गावानं स्वतःकडे करायची: हिशेब उघडा ठेवण्याची. मेंढा, पाचगाव, पायविहीर या गावांनी मिळवलं ते सभेत बसून, कागद वाचून, पैशाचा हिशेब सर्वांसमोर मांडून. जिथं हे झालं नाही, तिथं ठेकेदारानं ग्रामसभेच्या नावावर बांबू नेला, अशाही तक्रारी झाल्या आहेत.

२०२३ मध्ये केंद्र सरकारनं हरित पत कार्यक्रम जाहीर केला. उजाड वनजमिनीवरच्या वृक्षारोपणाचा खर्च उचलणाऱ्या कंपन्यांना आणि संस्थांना त्याबद्दल पत मिळते, आणि ती पुढं कामाला येते. पैसा शहरातून येणार, झाडं वनखातं लावणार, पत कंपनीच्या खात्यावर जमा होणार. ज्या टेकडीवर हे होईल तिच्या पायथ्याच्या गावाचा या हिशेबात रकाना कुठला, हे विचारण्याचा अधिकार वनहक्क कायद्यानं ग्रामसभेला दिला आहे, आणि तो वापरायला हवा. वनीकरणाचा कुठलाही प्रस्ताव समोर आला, की हेक्टर आणि रोपांचे आकडे सोडून आधी उत्पन्नाचं कलम शोधावं. ते कोरं असेल, तर ती झाडं तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत राखायचं कुणाला कारणच उरत नाही. सार्वजनिक सभेनं १८७८ मध्ये सरकारला हेच समजावून पाहिलं होतं, आणि आज तोच हिशेब मांडायला ग्रामसभांच्या हाती कायदाही आहे.